जुन्या काँटेसाची ताकद वाढवायची तर

प्रश्न असा आहे. दारव्हा तालुक्यातल्या एका तरुणाकडे मामाची १९९६ ची काँटेसा क्लासिक आहे, १.८ पेट्रोल. बरीच वर्षं टिनाच्या शेडमध्ये उभी होती. बॉडी चांगली आहे, खालून थोडा गंज आहे, इंजिन सुरू होतं पण पिकअप नाही. अपघातातल्या एखाद्या नव्या गाडीचं टर्बो पेट्रोल इंजिन तिच्यात टाकून दोनशे घोड्यांची गाडी करायची आणि समृद्धीवर न्यायची, असा बेत आहे. नागपुरात एक जण करून देतो म्हणतो. करावं का, आणि नाही तर काय करावं?

भाऊ, सरळ सांगतो: नव्या गाडीचं इंजिन टाकू नका. नव्या गाड्यांतलं जे खरोखर कामाचं तंत्र आहे, म्हणजे फ्युएल इंजेक्शन आणि कॉम्प्युटरच्या हिशेबानं पडणारी ठिणगी, ते तिच्याच इसुझू इंजिनावर बसवा. दोनशे घोडे मिळणार नाहीत. शंभराच्या आसपास मिळतील आणि मे महिन्यातल्या दुपारीही बहुतेक शाबूत राहतील. माझ्या गॅरेजात मागच्या चाकांना ताकद असलेल्या जुन्या गाड्या येत असतात. त्यातल्या 'इंजिन बदललेल्या' गाड्यांपैकी बऱ्याचशा दोरी बांधून येतात, म्हणून हे सांगतो.

आधी हातात काय आहे ते बघू. काँटेसाचा सांगाडा सत्तरीतल्या ब्रिटिश व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. हिंदुस्थान मोटर्सनं ती १९८४ मध्ये आणली तेव्हा तिच्या पोटात अॅम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं, जेमतेम पन्नास घोड्यांचं. एवढ्या अंगाच्या गाडीला ते ओढवत नव्हतं. मग १८१७ सीसीचं इसुझू आलं, पाच गिअर आले, आकडा ८८ वर गेला, आणि लोक तिला 'मसल कार' म्हणू लागले. स्पोर्ट्स कारच्या व्याख्येत ती बसत नाही हे कबूल. पण लांब बॉनेट, उभं इंजिन, मागच्या चाकांना ताकद हे सगळं तिच्यात आहे, आणि आपल्याकडं त्या काळात एवढंही दुसऱ्या फारशा गाड्यांत नव्हतं.

तुमच्या गाडीत त्या ८८ पैकी आज किती उरलेत? माझा अंदाज पासष्ट-सत्तर. म्हणजे पहिले वीस घोडे तर कंपनीनं दिलेलेच आहेत, ते फक्त परत आणायचे आहेत. त्याला टर्बो लागत नाही.

आता नवं इंजिन का नको ते. आजची बहुतेक छोटी टर्बो पेट्रोल इंजिनं, एक लिटर काय नि दीड लिटर काय, पुढच्या चाकांच्या गाड्यांसाठी आडवी बसवलेली असतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात. काँटेसात इंजिन उभं, मागं गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट, मग धुरा. आडवं इंजिन उभं केलं की बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच) जुळत नाही, ऑइल पॅन नेमकी क्रॉस मेंबरवर येते आणि टर्बोचा पाइप स्टिअरिंगच्या रॉडला जाऊन भिडतो. वेल्डिंग करणारा म्हणेल, 'काऊन नाही बसत, बसवून देतो.' तो बसवूनही देईल. सहा महिन्यांनी माउंटिंग तुटतं.

उभं टर्बो पेट्रोल मिळतं की, थारचं दोन लिटरचं. तो प्रश्न येणार हे माहीत आहे. ते इंजिन तीनशे न्यूटन मीटर किंवा त्याहून जास्त टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देतं. काँटेसाचा गिअरबॉक्स, शाफ्टचे क्रॉस आणि मागचा धुरा ज्या इंजिनासाठी बनले, त्याचा टॉर्क याच्या निम्म्याहूनही कमी. मग गिअरबॉक्स पण थारचा, धुरा पण दुसरा, ब्रेक पण दुसरे. शेवटी काँटेसाचे फक्त दरवाजे उरतात.

वायरिंगचं दुखणं त्याहून मोठं. नव्या गाडीचं इंजिन एकटं चालत नाही. त्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, किल्लीतली चिप ओळखतो, मीटरशी बोलतो, एबीएसकडून चाकांचा वेग मागतो. अॅक्सिलरेटरला केबल नाही, नुसता सेन्सर आहे. यातलं एकही उत्तर आलं नाही की इंजिन 'लिंप मोड'मध्ये जातं, म्हणजे मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर अडून बसतं. मोठ्या शहरात हे सोडवणारी माणसं आहेत. पण गाडी दारव्ह्याला राहणार, आणि एखाद्या पोळ्याच्या दिवशी लाडखेडजवळ बंद पडली तर तिथं लॅपटॉप घेऊन कोण येणार?

उन्हाचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण ताकदीची गोष्ट आपल्याकडं तिथंच अडते. इंजिन हवा ओढतं, आणि गरम हवा विरळ असते. डिसेंबरातल्या पंधरा अंशांच्या सकाळच्या तुलनेत मेमधल्या पंचेचाळीस अंशांच्या दुपारी तेवढ्याच जागेत नऊ-दहा टक्के हवा कमी मावते. म्हणजे शंभरातले नऊ-दहा घोडे गाडीला हात न लावता गेले. टर्बो लावला तर हवा दाबली जाते आणि दाबली की तापते. अर्धा बार बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब), कॉम्प्रेसरची कार्यक्षमता पासष्ट टक्के धरली, तर पंचेचाळीसची हवा टर्बोतून बाहेर पडताना एकशेपाचच्या आसपास असते. इंटरकूलरनं ती खाली येते, पण इंटरकूलरवरून जाणारी हवाही पंचेचाळीसचीच. तो तिच्याखाली कधीच उतरवू शकत नाही. अशी तापलेली हवा आत गेली की ठिणगीची ज्वाला पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपलं आपण पेटतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात, आणि जुन्या कास्ट पिस्टनची किनार त्यातच उडते. वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी, आपला यवतमाळ, सगळीकडं हेच. पुण्यातल्या व्हिडिओत चालणारी गाडी इथं चालेलच असं नाही.

म्हणून पहिलं काम: काहीही विकत घेण्याआधी इंजिन मोजा. गाडी पूर्ण गरम होऊ द्या. चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढून बाजूला करा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, बॅटरी चार्ज असू द्या. एकेका सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवा आणि आकडा कागदावर लिहा. दीडशे पीएसआयच्या आसपास चारही जवळजवळ सारखे आले तर उत्तम. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि परत मोजा. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारशेजारचे दोन एकदम पडले असतील तर हेड पॅकिंग बघा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत बऱ्याचदा व्हॉल्व्हच्या सीटवर गंज धरलेला असतो. मग हेड काढणं, फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कापणं, नवे सील, हे सगळं आलं. अमरावतीला किंवा नागपूरला हे काम चांगलं होतं. जवळच्या लेथवाल्याकडं दिलंत तर सीटची रुंदी तुम्ही स्वतः बघून घ्या.

पेट्रोलची टाकी आणि नळ्या तेव्हाच काढून टाका. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, ई-२० ला साडेतेराच्या आसपास. १९९६ च्या कार्ब्युरेटरची जेट जुन्या पेट्रोलच्या हिशेबाची आहे, म्हणजे आजचं पेट्रोल भरल्याबरोबर मिश्रण सात-आठ टक्के पातळ झालं. तुमच्या गाडीला पिकअप नाही, दाबलं की 'भक्क' करून थांबते, याचं अर्धं कारण हेच असणार. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराच्या नळ्या, डायफ्रॅम, पॅकिंग फुगवतं. शेडमध्ये उभ्या गाडीच्या टाकीत तळाला गंजाचा गाळ असतोच. तो इंजेक्टरमध्ये गेला तर नवा खर्च. टाकी धुवा, आतून बघा, सगळ्या नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. इथेनॉलचा एक फायदाही आहे, त्यानं ऑक्टेन वाढतो आणि नॉकिंग जरा लांब ढकललं जातं. पण तो फायदा घ्यायला ठिणगीची वेळ हातात हवी, आणि तुमच्या डिस्ट्रिब्युटरमधली झिजलेली वजनं नि सैल स्प्रिंग तो घेऊ देणार नाहीत.

आता इंजेक्शन. इथं तुमचं नशीब चांगलं आहे. हेच इसुझू १.८ इंजिन हिंदुस्थान मोटर्सनं अॅम्बेसेडरमध्येही दिलं, आणि पुढं त्याला एमपीएफआय, म्हणजे दर सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, केलं. त्या अॅम्बेसेडर मोडीत निघालेल्या आहेत, कोलकात्याच्या बाजूला जास्त. तिथून इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा नेणाऱ्या नळ्यांचा भाग), थ्रॉटल बॉडी (हवेची झडप), फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल देणारी नळी) मिळवा. आणल्यावर लगेच बसवू नका. तुमच्या हेडचं पॅकिंग मॅनिफोल्डवर ठेवून बोल्टची भोकं आणि पोर्टचा आकार जुळतो का ते बघा, कडा आत आलेली असेल तर ग्राइंडरनं काढा. मॅनिफोल्ड नाहीच मिळाला तर तुमच्याच मॅनिफोल्डला इंजेक्टर बसवायचे बंग, म्हणजे छोट्या बैठका, वेल्ड करता येतात, पण अॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग येणारा माणूस हवा. आपल्या बाजारातला गॅस वेल्डिंगवाला नको.

इंजेक्टर किती मोठे, याचा हिशेब सोपा आहे आणि तो कुणाच्या भरवशावर सोडू नका. शंभर घोड्यांना तासाला साधारण पन्नास पौंड पेट्रोल. चार इंजेक्टर, प्रत्येकाला साडेबारा. इंजेक्टर ऐंशी टक्क्यांपलीकडं उघडा ठेवायचा नाही, म्हणजे साडेपंधरा-सोळा पौंडांचा हवा. मिनिटाला १६५ सीसीच्या जवळ. ई-२० साठी थोडं वर, १८० ते २०० सीसी. तीन बार दाबाचा पंप. मोठे इंजेक्टर टाकले की ताकद वाढते ही समजूत सोडा. चारशे सीसीचे टाकले की आयडलिंग कधीच जागेवर येत नाही.

ईसीयू कुठला? कंपनीचा जुना ईसीयू मिळाला तरी त्याचा नकाशा, म्हणजे कधी किती पेट्रोल आणि कधी ठिणगी हा तक्ता, बदलता येणार नाही. स्पीडुइनो किंवा मेगास्क्वर्टसारखा खुला ईसीयू घ्या. त्याला लागतात: क्रँकचा सेन्सर, मॅनिफोल्डमधल्या दाबाचा, थ्रॉटलचा, पाण्याच्या तापमानाचा, हवेच्या तापमानाचा आणि सायलेन्सरच्या पुढच्या पाइपात एक वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर, जो हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवतो. यातला शेवटचा सोडून देऊ नका. तो नसेल तर तुम्ही अंधारात ट्यूनिंग करता.

हवेच्या तापमानाचा सेन्सर मॅनिफोल्डच्या धातूत बसवू नका, एअर फिल्टरजवळच्या प्लास्टिकच्या नळीत बसवा. गाडी पळवून आणून दहा मिनिटं उन्हात उभी केली की बॉनेटखाली मॅनिफोल्ड सत्तर-ऐंशी अंशांवर जातो. सेन्सर धातूत असेल तर तो ईसीयूला सांगतो की हवा ऐंशीची आहे, ईसीयू पेट्रोल कापतो, आणि गाडी सुरू व्हायला कुथते. पूर्वी याच वेळेला इंजिनावरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचो. रोग तोच, फक्त जागा बदलली.

क्रँक सेन्सर हे सगळ्यात नाजूक काम. पुलीवर छत्तीस दात, एक दात गाळलेला, असं चाक बसवायचं. दर दहा अंशांना एक दात, आणि गाळलेल्या जागेवरून ईसीयूला क्रँक कुठं आहे ते कळतं. पुलीत आतला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामध्ये रबराचा थर असेल तर चाक आतल्या हबलाच पक्कं करा. तीस वर्षांच्या रबरावर बाहेरची रिंग घसरलेली असते, आणि तिच्यावरची टायमिंगची खूणही मग खोटी बोलते. प्लगच्या भोकातून डायल गेज लावून टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, शोधा आणि नवी खूण करा. सेन्सर आणि दात यांच्यात एक मिलिमीटरच्या जवळपास फट ठेवा. पुली हातानं पूर्ण फिरवून बघा, फट कुठंही कमीजास्त व्हायला नको. ब्रॅकेट जाड प्लेटचं, इंजिनाच्या ब्लॉकलाच दोन बोल्टांनी. पातळ पत्र्याचं ब्रॅकेट चार हजार फेऱ्यांवर थरथरतं, सिग्नल तुटतो, आणि माणूस महिनाभर कॉइल बदलत बसतो. सेन्सरची वायर शील्डची, आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेली.

ठिणगीचा नकाशा भित्रा ठेवून सुरुवात करा. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर टीडीसीआधी एकूण पंचवीस-सव्वीस अंशांपासून, मग एकेक अंश पुढं, आणि दर वेळी ऐकत. ऐकायला महागडं यंत्र लागत नाही. तांब्याच्या नळीचं एक टोक चेपून भोक पाडा, ब्लॉकच्या एखाद्या बोल्टखाली घट्ट करा, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती कानपट्टीच्या आवाजबंद हेडफोनमध्ये न्या. नॉकिंग झालं की डब्यात चणे हलवल्यासारखा आवाज स्पष्ट येतो. मिश्रण अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर वाइडबँडवर पेट्रोलच्या स्केलनं साडेबारा ते तेराच्या मधे ठेवा. हे काम डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर, झालं तर सगळ्यात चांगलं. डायनो नाही म्हणून दिग्रस रोडवर संध्याकाळी ट्यूनिंग करू नका, त्या वेळेला बैलगाड्या आणि मजुरांच्या गाड्या परतत असतात.

वायरिंगसाठी एकच सांगतो: पंप, पंखे, इंजेक्टर यांना वेगवेगळे रिले आणि फ्यूज. आणि अर्थ बॅटरीपासून थेट इंजिनाला जाड वायरनं. जुना अल्टरनेटर हे सगळं ओढणार नाही, मोठा घ्या.

आता थंडपणा. आपल्याकडचा फिटर गाडी गरम होते म्हटलं की पहिल्यांदा थर्मोस्टॅट काढून फेकतो. कार्ब्युरेटरवर ते कसंबसं खपून जायचं. इंजेक्शनवर नाही खपणार. हिवाळ्यात पाणी सत्तरच्या वर चढत नाही, ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो पेट्रोल वाढवत राहतो, ऑइल पातळ होतं, रिंगा धुतल्या जातात. थर्मोस्टॅट नवा बसवा आणि रेडिएटर सुधारा. जुना पितळी रेडिएटर उघडून रीकोअर करून घ्या. त्यात बोअरचं पाणी कधीच नको. दारव्ह्याकडं पाणी बरं असेल, पण अकोला-दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातल्या गाड्यांचे रेडिएटर उघडलेत तर आत पांढरा खडूच बसलेला दिसतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, निम्मं निम्मं. कापसाच्या मोसमात ट्रॅक्टरमागून चाललात की सरकी-कापसाचा भुरा रेडिएटरच्या जाळीत अडकतो. तो मागून पुढं हवा मारून काढा, पुढून मारला तर आणखी आत बसतो.

दुकानात मिळतो तो उघडा कोन फिल्टर घेऊ नका. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि काळ्या मातीची धूळ अडवायला कागदी फिल्टरसारखा दुसरा नाही. कंपनीचा डबा ठेवा, त्याची नळी फक्त बंपरच्या मागं थंड हवेत न्या. आवाज कमी येईल, ताकद जास्त येईल.

समृद्धीचं वेगळं बोलतो, कारण कारंज्याला वर चढलात की पुढं सरळ काँक्रीट, मोटारींना ताशी १२० ची मर्यादा, आणि तासन्तास थांबायचं कारण नाही. जुन्या गाडीला एकदोन मिनिटं जोरात पळणं जमतं, एका दमात दोन तास पळणं ही वेगळी परीक्षा. आधी टायर बघा. कडेला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. शेडमध्ये उभ्या गाडीचे टायर कितीही नवे दिसोत, सहा वर्षांच्या पुढं गेले असतील तर त्या रस्त्यावर नेऊ नका. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलून तो बॅलन्स करून घ्या, नव्वदनंतर सीट थरथरते ती त्याचीच. पुढचे डिस्क, मागचे ड्रम, मास्टर सिलिंडर, ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या, ब्रेक ऑइल, हे सगळं इंजेक्शनच्या आधी. माझ्याकडं मी हा क्रम उलटू देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

टर्बो पुढं कधी लावायचाच असेल तर ०.३ बारच्या वर नको, इंटरकूलर चांगला, आणि ठिणगी थोडी उशिरा. त्याआधी निदान दोन उन्हाळे ही गाडी इंजेक्शनवर बिनतक्रार चालू द्या.

कागदांचं शेवटी सांगतो, पण नागपूरच्या माणसाला होकार देण्याआधी वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं बनवलेली गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ च्या निकालात हे पुन्हा पक्कं केलं. दुसऱ्या कंपनीचं इंजिन म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबर, सीसी, सगळंच बदललं. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं तरी आधी आरटीओची परवानगी लागते. पोलिसानं पकडलं नाही तरी अपघात झाला की विमा कंपनी सर्व्हेअर पाठवते, आणि तो इंजिन नंबर पहिल्यांदा बघतो. तुमचंच इंजिन ठेवलं तर नंबर तोच, सीसी तीच. इंजेक्शन बसवायच्या आधी यवतमाळच्या आरटीओत इन्स्पेक्टरला भेटून विचारून घ्या, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि दोन्हींची पोच जपून ठेवा. १९९६ च्या गाडीची पंधरा वर्षं २०११ मध्येच संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी. ती मामांनी केली होती का ते आधी बघा. मधल्या काळातली राहिली असेल तर दंड आणि पर्यावरण कर भरावा लागेल, आणि फिटनेसला गाडी चालत न्यावी लागेल. नाव अजून मामांचंच असेल तर ट्रान्सफरही त्याच फेरीत उरकून घ्या.

कॉम्प्रेशनचे चार आकडे आणि टाकीच्या तळाचा एक फोटो पाठवा. इंजेक्टर आणि मॅनिफोल्डचं त्यानंतर बोलू. तोवर कुणालाही अॅडव्हान्स देऊ नका.